फुगे किती लागतील हा प्रश्नच चुकलाय

माणूस उचलायला हेलियमचे किती फुगे लागतील, हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की आज एकदाचं लिहूनच टाकतो. पण खाली कसं यायचं, हे एकानेही विचारलेलं नाही!

आधी हिशोब उरकू. हेलियम वर ओढतबिढत नाही, फुग्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन वजा आतल्या गॅसचं वजन, उरेल तेवढीच उचल. लिटरभर हवा १.२ ग्रॅम, हेलियम ०.१७, म्हणजे लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम. पार्टीतला मोठा फुगा चौदा-एक लिटरचा, रबराचे तीन ग्रॅम गेले, राहिले दहा-अकरा. ६० किलोच्या माणसाला सहा हजार फुगे, खुर्ची आणि दोऱ्या वेगळ्याच. (हायड्रोजन वजनाला हेलियमच्या निम्मा, म्हणून दुप्पट उचलेल? छे, आठेक टक्के जास्त, वर पेटतो तो वेगळाच ताप.) त्यापेक्षा दोन मीटर व्यासाचे वीस-पंचवीस फुगे घ्या, काम होतं, कारण व्यास दुप्पट केला की रबर चौपट लागतं पण गॅस आठपट मावतो.

आता खरी गंमत. मी एकदा फुग्याला पेपरक्लिपा अडकवत बसलो होतो, एक लावली की खाली, काढली की वर, शेवटी क्लिपेला कागदाचा कपटा लावून तो कात्रीने कातरत कातरत कसाबसा फुगा मधोमध थांबवला. आणखी चिमूटभर कपटा कापला आणि गेला की हळूहळू छताला! छत होतं म्हणून थांबला.

आकाशाला छत नाही. वर हवा विरळ होते तसा रबरी फुगा फुगत जातो, त्यामुळे बाजूला सारलेल्या हवेचं वजन जवळपास तेवढंच राहतं, म्हणजे उचल कमी होतच नाही. थोडं वर जाऊन तरंगू, असं काही नसतं हो, फुगे फुटेपर्यंत वरच. २ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियात लॅरी वॉल्टर्स बागेतल्या खुर्चीला चाळीसेक वेदर बलून बांधून उडाला तो थेट १६,००० फुटांच्या आसपास. बरोबर छर्ऱ्याची बंदूक होती, थोडे फुगे फोडले आणि बंदूकच हातातून पडली. शेवटी उतरला तो विजेच्या तारांत अडकून. जिवंत राहिला हे नशीब.

आणि फुगे फोडून खाली निघालात तरी तेच गणित उलटं चालतं, खाली येताना फुगे आकसतात, उचल तेवढीच, म्हणजे आपोआप थांबणं नाहीच. मग वजन टाकायचं, म्हणून असले लोक पाण्याच्या पिशव्या नेतात. जास्त पाणी सोडलं की परत वर, परत एक फुगा फोडा. फुगे आणि पाणी, दोन्ही मोजकंच आणि गेलेलं परत येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी फुग्यांचा आकडा विचारला तर मी आधी विचारणार, पाणी किती लिटर घेतलंयस?