ठेला हलेना म्हणून रेघ हलवली

काल पोरीला आणायला शाळेत गेलो आणि डोकंच फिरलं. फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ची पाटी, मागच्याच महिन्यात रंगवलेली. रस्त्यावर ती पिवळी रेघ, जिच्या आत तंबाखू विकायची नसते. शंभर यार्डांवर मारायची रेघ फाटकापासून बावीस पावलांवर! का? तर तेविसाव्या पावलावर पानठेला आहे. ठेला हलवण्यापेक्षा रेघ हलवणं सोपं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल त्याचा सत्कारच करायला पाहिजे, शाल-श्रीफळ देऊन.

आणि ठेल्यापुढे एक पोरगं. पाठीला दप्तर, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, नववीतलं असेल. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून फळीवर खर्रा घोटतोय, घोटतोय, आणि हा बाबू पोस्टात रजिस्ट्रीला उभं राहावं तसा शांत उभा. मध्येच म्हणतो, “चुना कमी मार भाऊ, मागच्या वेळी लय झाला होता.”

मी विचारलं, “कोणासाठी रे?”

“बाबासाठी.”

बाबाच्या खर्र्यातला चुना जास्त झाला हे याच्या जिभेला कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं. कारण तेवढ्यात ठेलेवाल्यानंच मला कायदा शिकवला. “मी नाही देलं तं तो चौकातून घेईन साहेब. माह्याच पोटावर काहून पाय देता? आन् हे पाहा, मी तं लाइनीच्या बाहेर आहो.”

लाइनीच्या बाहेर! बोला आता.

२००३ चा कायदा आहे. अठराच्या खाली विकायचं नाही, शाळेपासून शंभर यार्डांत विकायचं नाही. मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त दोनशे रुपये. सात खर्र्यांत वसूल. २०१२ साली राज्यात गुटखा बंद झाला, मग सुगंधित तंबाखू आणि खर्राही. दरवर्षी बंदीचा नवा आदेश निघतो, आणि ज्या पानठेल्यावर आपण त्याची बातमी वाचतो तिथंच पन्नी घोटल्याचा आवाज येत असतो. अल्पवयीन पोराला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे म्हणे. आमच्या गावात त्या कलमानं आत गेलेला माणूस मला कोणी दाखवावा, मी त्याला डबा पोचवीन.

आणि ती तंबाखूविरोधी दिनाची शपथ! ३१ मे. ३१ मेला आमच्या चंद्रपूरकडं शाळेत असतं कोण? सत्तेचाळीस डिग्रीत एक शिपाई आणि दोन कुत्रे. तरी फोटो येतो, बॅनर येतो, हात पुढे करून शपथ येते. फोटोतल्या अर्ध्या लोकांचे गाल एका बाजूनं फुगलेले.

हे गालवाले लोक तर माझ्या डोक्यात जातात. काउंटरवर काही विचारा, हनुवटी वर करून “उं उं” करतात, बोटानं थांबा म्हणतात, खिडकीतून पिचकारी मारून येतात आणि मग सांगतात, “उद्या या.” एसटीत खिडकीशी बसायची तर हिंमतच राहिली नाही. नालीत पाहावं तर पन्न्याच पन्न्या. माझा चुलत भाऊ चौतीस वर्षांचा आहे, तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. डॉक्टरनं सबम्युकस फायब्रोसिस लिहून दिलं, म्हणजे तोंड आखडत जाण्याचा आजार. गुपचूप म्हणजे पाणीपुरीसुद्धा फोडून चमच्यानं खातो बिचारा, पण खर्रा मात्र अजूनही बरोबर आत जातो.

तर काल मी इरेला पेटलो. म्हटलं, आज मोजूनच दाखवतो. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर, माझी सव्वाशे पावलं. पोरीचा हात धरून, मोठ्यानं आकडे म्हणत निघालो. तेवढ्या अंतरात आणखी तीन ठेले आणि पुड्यांच्या माळा लटकवलेलं एक किराणा. ऐंशीव्या पावलाला एक म्हातारबुवा आडवे आले, “रस्ता रुंद होऊन राहिला का जी?” मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पोरगी म्हणे, “बाबा, हळू बोला, माझ्या मॅडम बघतात.” आकडा विसरलो. परत फाटकापासून सुरू केलं.

रात्री शेजाऱ्याचा फोन. नगरपरिषदेनं शाळेच्या रस्त्याची मोजणी केली म्हणतात, तुम्हाला काही माहीत आहे का? किराणावाल्यानं पायरी तोडायला गवंडीही सांगून ठेवलाय म्हणे. ठेला मात्र सकाळी जागेवरच.

बायको हसून हसून बेजार. मग हसू थांबवून म्हणाली, “आणि दिवाळीत?”

दिवाळीत पेंटर अर्धी भिंत सोडून बसला होता. खर्रा संपला, हात चालत नाही म्हणे. संध्याकाळी पाहुणे येणार. मी खिशातून तीस रुपये काढून आठवीतल्या भाच्याला दिले, म्हटलं, धाव, काकाला आणून दे. तो चप्पल घालता घालता वळून म्हणाला, “मामा, चुना कमी सांगू का जास्त?”

मी म्हटलं, “मिडियम.”