‘पडकी घरं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार ‘इतिहासप्रेमी’ (खरं नाव दिलं असतंत तर त्याच नावाने हाक मारली असती),

ऑस्ट्रेलियातल्या हिल एंड या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “दीडशे वर्षांची पडकी घरं म्हणजे इतिहास? महाराजांच्या मुलखातल्या माणसाला हे शोभत नाही. होल्टरमनचा फोटो बनावट आहे. विराजुरी लोकांचं तर लेखात नावही नाही. परदेशात बसून फुशारक्या मारू नका.”

सोन्याच्या शिळेवर हात ठेवून उभा असलेला होल्टरमन (तिथल्या खाणीतला भागीदार) हा फोटो म्हणजे वेगवेगळे फोटो जोडून केलेलं जोडकाम आहे, एवढं एका ओळीत सांगायला हवं होतं. मान्य. शिळा मात्र खरीच होती. ऑक्टोबर १८७२, स्टार ऑफ होप खाण, वजन सुमारे २८६ किलो. पुढे ती फोडून सोनं काढून घेतलं.

आता ‘शोभत नाही’. अहो, मी राजगडाच्या पायथ्याशी वाढलोय. शाळेची सहल म्हटली की गडच. गडाचं मोल मला टोपणनावाने कुणी शिकवायची गरज नाही. आणि गड पाहिलेत म्हणूनच सांगतो, गडावर दिवा लावणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही. हिल एंडचे दिसतात. ब्यूफॉय मर्लिन आणि चार्ल्स बेलिस या छायाचित्रकारांनी तिथे घराघरापुढे कॅमेरा लावला. झाडाच्या सालीचं छप्पर, दारात कमरेवर हात ठेवून उभा दुकानदार, हलल्यामुळे पुसट झालेलं पोर. होल्टरमनने पैसा पुरवलेल्या या कामाच्या साडेतीन हजार काचेच्या निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुडमध्ये, बागेतल्या एका शेडमध्ये सापडल्या. आज त्या तिथल्या राज्य ग्रंथालयात आहेत. स्कॅन मोठं करा, दुकानांच्या पाट्या वाचता येतात. तुम्ही केलंत का? नाही ना?

आणि ‘पडकी’ कशावरून? १८७२ चं रॉयल हॉटेल उभं आहे. आत बसून जेवलोय मी.

विराजुरींबद्दल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल म्हणाल, तर त्यांच्याविरुद्ध जवळच्या बाथर्स्ट भागात लावलेला १८२४ चा लष्करी कायदा मला ठाऊक आहे. पण तो सोन्याच्या आधीचा काळ, माझा लेख खाणीचा. एका लेखात सगळं कोंबता येत नाही.

फुशारकीला उत्तर देत नाही.

यापुढे मुद्द्यावर लिहिलंत तर जरूर बोलू. ‘शोभत नाही’ छापाच्या प्रतिक्रिया उडवल्या जातील. मग ‘लेखकाला टीका सोसत नाही’ अशी नवी टाकू नका, तीही उडेल.