"जज्ज मतदानाने निवडा" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: "अमेरिकेत जज्ज जनता निवडते. म्हणून तिथे कुणीही हुशार वकील जज्ज होतो, वशिला चालत नाही, आणि जज्ज लोकांना घाबरून असतात. आपल्याकडे काका-पुतण्यांचं कॉलेजियम. आपणही न्यायाधीश मतदानाने निवडायला हवेत." कॉलेजियमबद्दलचा, म्हणजे सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टांचे जज्ज निवडणाऱ्या वरिष्ठ जज्जांच्या गटाबद्दलचा, राग मला समजतो, तो माझाही आहे. पण हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने जज्जच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला एकदाही ठेवून बघितलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

"अमेरिकेत जज्ज जनता निवडते." अर्धंच खरं आहे हे. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांचे जज्ज, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत, राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, मंजुरी देतं. निवडणुका होतात त्या राज्यांच्या कोर्टांत, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. टेक्सासमध्ये चक्क पक्षाच्या तिकिटावर. कॅलिफोर्नियात काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोर्टासाठी पक्ष नाही, पण असलेल्या जज्जविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतसुद्धा नाही, आणि तिथले कित्येक जज्ज मुळात मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, नेमलेले असतात.

"कुणीही हुशार वकील जज्ज होतो." लॉस एंजेलिसचं २००६ सालचं उदाहरण घ्या. झिंत्रा यानाव्स नावाच्या जज्ज, २० वर्षं खुर्चीवर, वकिलांच्या संघटनेने त्यांना सगळ्यात वरचा शेरा दिलेला. समोर लिन ओल्सन, वकिलीची सनद होती पण कित्येक वर्षं फारशी प्रॅक्टिस नाही, बेगलचं (कड्यासारखा गोल पाव) दुकान चालवायच्या, संघटनेचा शेरा "अपात्र". ओल्सन जिंकल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं की यानाव्स यांचं परदेशी वाटणारं लॅटव्हियन नाव नडलं, आणि शेवटी गव्हर्नर श्वार्झनेगरने यानाव्स यांनाच परत जज्ज नेमलं, म्हणजे मतदान होऊनही मार्ग नेमणुकीचाच निघाला. यात मतदाराला दोष देता येत नाही हो, त्याच्यासमोर एक नाव आणि नावाखाली जेमतेम तीन शब्दांत लिहिलेला व्यवसाय, त्यावर तो काय ठरवणार? आता हेच आपल्या तालुक्यात आणून बघा. आपल्याकडे नुसत्या आडनावावरून जात कळते. जज्जच्या निवडणुकीत पहिला हिशोब कशाचा होईल ते मी सांगायला नको.

"वशिला चालत नाही." वशिल्याच्या जागी देणगी येते. प्रचाराला पैसा लागतो आणि जज्जच्या प्रचाराला पैसे देण्यात सगळ्यात जास्त रस कुणाला असणार, तर त्याच्यासमोर रोज उभे राहणाऱ्या वकिलांना आणि ज्यांच्या केसेस आहेत त्यांना. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या एका उमेदवारासाठी ३० लाख डॉलर खर्च केले, कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निकाल अपिलात जायचा होता, उमेदवार जिंकला, केसमधून बाजूला व्हायला त्याने नकार दिला आणि ३ विरुद्ध २ मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने फिरला! त्यातलं एक मत त्याचंच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की याने बाजूला व्हायला हवं होतं, पण तेही ५ विरुद्ध ४ असं काठावर. आणि छोट्या उमेदवाराचं काय होतं बघा. फ्लोरिडात हिल्सबरो काउंटीच्या कोर्टासाठी लॅनेल विल्यम्स-युली उभ्या राहिल्या, स्वतःच्या सहीचं पत्र पाठवून देणग्या मागितल्या, आणि त्यांच्यावर कारवाई झाली, कारण तिथे जज्जच्या उमेदवाराने स्वतः पैसे मागायचे नाहीत असा नियम आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम कायम ठेवला. नियमामागचा हेतू मला पटतो. पण त्याच राज्यात उमेदवाराची समिती पैसे मागू शकते, आणि कुणी दिले ते कळल्यावर उमेदवार आभाराची चिठ्ठीही पाठवू शकतो. मग उद्या तोच देणगीदार वकील कोर्टात उभा राहिला तर समोरच्या पक्षकाराने काय समजायचं?

"जज्ज लोकांना घाबरून असतात." मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाला एकमताने मान्यता दिली, पुढच्याच वर्षी ज्या तीन न्यायमूर्तींना ठेवायचं की काढायचं यावर मतदान होतं ते तिघंही घरी गेले. लाच नाही, गैरवर्तन नाही, फक्त एक निकाल. पेन्सिल्वेनियातल्या जज्जच्या शिक्षांचा अभ्यास झालाय, त्यात दिसलं की निवडणूक जवळ येते तशा शिक्षा लांबत जातात. म्हणजे तोच गुन्हा, पण तारीख निवडणुकीच्या आधीची लागली तर जास्त वर्षं आत. आमदार आश्वासन देऊ शकतो, रस्ता करीन, पाणी आणीन. जज्जच्या उमेदवाराने काय सांगायचं? "अमक्याला जामीन देणार नाही" म्हणाला तर निकाल केस ऐकायच्या आधीच लागला, आणि "पुरावा बघून ठरवीन" म्हणाला तर त्या सभेला कोण येणार.

"आपणही तसंच करावं." मेक्सिकोने केलं ना. २०२४ मध्ये घटना बदलली आणि १ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टासकट जज्ज मतदानाने निवडले. मतदान झालं साधारण १३ टक्के. इतकी नावं होती की कुणाला मत द्यायचं याच्या छापील चिठ्ठ्या लोकांच्या हातात पडल्या. अशा चिठ्ठ्या आपल्याकडे कोण वाटेल हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहिती आहे.

आणि फॉरवर्डमध्ये न सांगितलेली एक गोष्ट. महाराष्ट्रात तालुक्याच्या कोर्टात बसणारा दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो, त्याच्याशी कॉलेजियमचा संबंध नाही. शेतकऱ्याची, कामगाराची मुलं-मुली त्याच वाटेने खुर्चीवर पोचलीयत. निवडणूक आणली तर पहिल्यांदा ही वाट बंद होईल, कारण त्यांच्याकडे अभ्यास आहे, बॅनर लावायला पैसा नाही.

कॉलेजियमला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. कॉलेजियमच्या जागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ ने रद्द केला आणि त्यानंतर नवीन काही आलेलं नाही. २०१७ मध्ये कॉलेजियमने आपले ठराव वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली होती. भांडायचंच असेल तर त्यासाठी भांडा: कुणाला घेतलं, कुणाला नाकारलं, का, ते प्रत्येक वेळी पूर्ण कारणांसकट लिहून बाहेर आलं पाहिजे, उमेदवाराचे कोर्टात कुणी नातेवाईक असतील तर तेही त्यात हवं, आणि कॉलेजियमने पाठवलेली नावं सरकारने दाबून ठेवू नयेत म्हणून निर्णयाला ठरलेली मुदत हवी.