मामा, त्या गाडीत पेट्रोल होतं!

रात्री साडेअकराला मामांचा मेसेज: 'हे वाचच!' खाली काळा-पांढरा फोटो आणि मजकूर. १९०० साली फर्डिनांड पोर्शेने पेट्रोलशिवाय चालणारी, स्वतःच चार्ज होणारी, जगातली पहिली हायब्रिड गाडी बनवली म्हणे. तेल कंपन्यांनी ती दाबली, नकाशे जाळले. एरवी मी अंगठा टाकून झोपलो असतो. पण याच भरवशावर मामांनी ई-स्कूटरला 'सेल्फ चार्जिंग' डायनॅमो बसवून देणाऱ्या एकाला पाच हजार आगाऊ दिलेत.

गाडी खरी आहे. नाव 'सेम्पर विवस', लॅटिनमध्ये 'सदैव जिवंत'. नावानेच घोळ केलाय. अहो, तिच्या मधोमध दोन पेट्रोल इंजिनं होती! ती जनरेटर फिरवायची, त्या विजेवर बॅटरी भरायची आणि पुढच्या चाकांतल्या मोटरी चालायच्या. म्हणजे चार्जिंग पेट्रोलच करत होतं. आणि मामा, सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल कसं जड व्हायचं, विसरलात? दिव्याची वीज तुमच्या पोटऱ्यांतून यायची. स्कूटरला बसवाल तर तो बॅटरीच खाणार, वर थोडी उष्णतेत घालवणार. ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवता येते, कबूल. पण तीही आधी खर्च केलेल्यातलीच.

दाबली कुठे? व्हिएन्नाच्या लोनर कंपनीने हिचीच पुढची आवृत्ती, 'मिक्स्टे', चक्क विकली. जड, महाग, भानगडीची. गिऱ्हाईकं मोजकीच मिळाली. आणि नकाशे जाळले असते, तर २०११ साली पोर्शेच्या संग्रहालयाने जुने फोटो आणि मूळ रेखाचित्र हाताशी धरून तिची चालती प्रतिकृती बनवली ती कशी? जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये मांडली होती. इंजिनांसकट.

'जगातली पहिली' यावरही वाद आहे. बेल्जियमचा आंरी पीपर त्याच सुमारास याच खटपटीत होता. असो.

एक मात्र मान्य करावंच लागेल. चाकाच्या तुंब्यात मोटर बसवणं त्या काळी जबरदस्तच होतं. मामांच्या स्कूटरच्या मागच्या चाकातही तशीच मोटर आहे.

सकाळी फोन केला. सगळं ऐकून मामा म्हणाले, "पण त्याने उद्या गाडी घेऊन बोलावलंय रे."

गाडी घरीच राहील. मामांबरोबर मी जातोय.