किलोवर नाणी विकणाऱ्यांनो, समोर कोण आहे ते तरी बघा

आज संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा मुलगा. अकरावीत आहे. हातात कुरियरचा फाडलेला खोका आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं. "काकू, एक किलो जुनी नाणी मागवली. बघा ना, काही भारी निघतंय का." वाढदिवसाला आजीने आणि मामाने दिलेले पैसे साठवून त्याने साडेचार हजार रुपये घातलेत यात.

गॅस बंद केला, हॉलमध्ये जुनी चादर पसरली आणि खोका ओतला. ओततानाच कळलं हो. ॲल्युमिनियमचा आणि स्टीलचा आवाज वेगळाच येतो. चौतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढलीत, चिल्लर पडली की माझ्या कानाला आधी कळतं.

अर्ध्याहून जास्त माल म्हणजे स्टीलचे दहा पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे आणि ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती अजून घराघरांतल्या डब्यांत पडून आहेत. तुमच्याकडेही असतील, उघडून बघा. मग कुठल्याकुठल्या देशांची चिल्लर. झिजून राजाचं नाकसुद्धा न उरलेले थोडे पाव आणे. पाच-सहा भोकाचे पैसे. तीन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, पण तिन्ही ओतीव, म्हणजे नकली. कडेला साच्याची शिवण सरळ दिसत होती, अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी मऊ. १९३९ चा एक "चांदीचा" रुपया होता, तो माझ्या काट्यावर ९.२ ग्रॅम भरला. खरा ११.६६ भरायला हवा. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून नकली करणारे नेमकं तेच साल निवडतात.

आणि दोन मोठी पिवळी नाणी. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. पोराने ती दोन्ही आधीच कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवली होती. "काकू, ही तर लाखात जातात ना?"

मला सांगावं लागलं. कंपनीने राम दरबाराचं नाणं कधीच पाडलेलं नाही, बाळा. ते देवाचे टोकन आहेत, देव्हाऱ्यात ठेव, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. पण नाणं नव्हे ते.

त्याचा चेहरा उतरलेला पाहिला आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. ही पोस्ट त्यासाठी.

त्याने ज्या जाहिरातीवरून हे मागवलं तिच्यात काय लिहिलंय वाचा. "न निवडलेला लॉट. जसा आला तसा. दुर्मीळ नाणी निघू शकतात." न निवडलेला? धंद्यात वर्षानुवर्षं बसलेला माणूस पोतं न बघता विकेल? खळ्यावर रास होते, चांगलं धान्य पोत्यात भरून घरी जातं, आणि खाली जे मातीत मिसळलेलं उरतं त्याला आपल्याकडे मातेरं म्हणतात. हे मातेरं विकतायत, आणि तेही राशीच्या भावाने. वर त्यात मुद्दाम दोन-चार खोटी नाणी टाकतात, म्हणजे घेणाऱ्याला वाटावं आपलं नशीब उघडलं, आणि तो पुढच्या महिन्यात आणखी एक किलो मागवेल. पोरांचं कुतूहल वापरून सोडत चालवल्यासारखं झालं हे.

मी हे इतक्या तिडिकेने लिहितेय त्याला कारण आहे. माझीही सुरुवात किलोनेच झाली होती.

१९९४. रविवार. पुण्याचा जुना बाजार. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. तिथे गोणपाटावर तांब्याचा ढीग घेऊन बसलेला एक म्हातारबाबा होता. नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, कुलपं आणि मधोमध नाणी. ताजव्यात घालून देत होता. बाई माणूस एकटी नाणी घ्यायला आलेली त्याने बहुधा पाहिली नसावी. "पूजेला पाहिजेत का, ताई?" म्हणाला. मी नाही म्हटलं, बघायला पाहिजेत. त्यावर तो हसला आणि मूठभर वर टाकली. दोनशे वीस रुपये दिले मी. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता, पण घरापर्यंत खाली ठेवली नाही.

त्या पिशवीत पाव आणे होते, पै होत्या, आणि शिवराया होत्या. खऱ्या. पहिल्यांदा शिवराई हातात घेतली तेव्हाचं आठवतं. शिवराईचा ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. एकीवर "राजा" आलंय आणि "श्री" कडेला कापलं गेलंय, दुसरीवर "शिव" आणि बाजूने ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा, तिसरी उलटी केली तर नुसतं "छत्र", "पति" गायब. मी रात्री दोन वाजेपर्यंत जमिनीवर बसून एकेक अक्षर जुळवत होते. "श्री राजा शिव" पूर्ण व्हायला मला चार शिवराया लागल्या.

हे सुख त्या पोराला मिळायला हवं होतं. साडेचार हजारांत व्हिक्टोरिया राणीचा एक चांगला राणीछाप रुपया आला असता, त्याबरोबर सालं नीट वाचता येतील असे दोन-चार पाव आणे आले असते. हातात धरून म्हणता आलं असतं, हे मला कळतंय, हे माझं आहे.

मान्य आहे, हात बसतो तो ढिगावरच. स्वस्तातली नाणी हाताळल्याशिवाय वजन कळत नाही, खणखणीत म्हणजे काय ते कळत नाही. मीही तशीच शिकले. आणि या धंद्यात सरळ माणसंही आहेत. माझ्या ओळखीचे एकजण आहेत, नाणं घासलेलं असलं तर स्वतःच सांगतात, मग भाव सांगतात. पण ती माणसं किलोने विकत नाहीत.

आता खरी गोष्ट. ही मी फार कुणाला सांगितलेली नाही.

त्या १९९४ च्या पिशवीत तळाशी एक पुरचुंडी होती. जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, त्याला घट्ट गाठ. नखांनी सुटेना म्हणून मी दातांनी सोडवली. आत सात नाणी: पाच शिवराया, एक भोकाचा पैसा आणि चांदीची एक चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं. कापडाच्या घड्यांत हळद राहिलेली होती. वास नव्हता, रंग होता.

मी काय केलं? नाणी ढिगात टाकली आणि कापड बाजूला ठेवलं. "वा, आणखी सात!" इतकंच माझ्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर आईने सगळी नाणी चिंच-मीठ लावून घासून ठेवली होती. लेकीने घाण आणलीय, स्वच्छ करून देऊ या, म्हणून. पितळीत मांडली होती, एकजात गुलाबी, ताज्या तांब्यासारखी. शे-दीडशे वर्षांत चढलेला तो काळसर चॉकलेटी थर एका दुपारीत गेला. आणि पुसायला तिने घेतलं होतं तेच कापड. काठाचं. मग ते मोरीतल्या फडक्यांत गेलं.

आईवर मी कधी रागावले नाही. तिला काय माहीत? तिने प्रेमानेच केलं, हात आंबेपर्यंत घासलं. राग माझा माझ्यावरच आहे, तीस वर्षं झाली तरी. कारण ती सात नाणी एकत्र होती तोवर कुणाची तरी होती. भोकाचा पैसा १९४३ पासूनचा, दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडायचे तो. म्हणजे ती गाठ त्यानंतर कधीतरी मारलेली. चांदीची चवली १९१७ पर्यंतचीच, पुढे ती चांदीत निघाली नाही. म्हणजे कुणीतरी बाईने सासूकडून आलेल्या शिवराया, कधीतरी हाती आलेली चवली आणि तिच्या काळातला साधा पैसा, हळद लावून एका गाठीत ठेवला होता. ओटीचं होतं? नवसाचं? आता कोण सांगणार? चवली तेवढी ओळखू येते, पण तिचं साल मी तेव्हा लिहून ठेवलं नाही, आणि मागून आणखी चवल्या आल्या. त्या पाच शिवराया कुठल्या, तेही सांगता येत नाही. सगळ्या सारख्याच गुलाबी.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एका जागी सापडली. नहपान या शक क्षत्रप राजाची नाणी, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. नहपानाचं राज्य कुणाकडे गेलं, हे त्या नाण्यांनी सांगितलं. ती एकत्र राहिली आणि अभ्यासकांनी एकत्र मोजली म्हणून सांगितलं. तीच कुणी किलोने चार गावांत विकली असती तर? चांदीच्या भावाने गेली असती आणि आपल्याला काहीच कळलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. लॉट घ्यायचा तर घरातून निघालेला घ्या, विकणाऱ्याने भरलेला घेऊ नका. एका घराचा डबा येतो त्यात घाण असते, बटणं असतात, एखादी मोडकी चावी असते, आणि नाणी एकमेकांना धरून असतात. तो डबा ज्याच्याकडून घ्याल त्याला आधी विचारा, हे कुणाचं? आजोबा कुठे नोकरीला होते? आजी कुठल्या गावची? आणि ते लिहून ठेवा, नाण्याआधी. जो सांगू शकत नाही, नुसतं "जुना माल आहे" म्हणतो, त्याच्याकडून किलोने काही घेऊ नका. आणि "नुकतंच शेतात निघालंय" असं कुणी हळू आवाजात सांगितलं तर तिथून उठाच. जमिनीत सापडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं, तो कायदा १८७८ पासून आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काका-मामांनाही हात जोडून विनंती. वैष्णोदेवीचं नाणं लाखात, अमुक पाच रुपये दहा लाखांत, हे पुढे पाठवणं बंद करा. ते वैष्णोदेवीचं नाणं २०१२ मध्ये सरकारनेच काढलंय, लोकांच्या खिशात फिरतं ते. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आम्ही कुणालाही नेमलेलं नाही, कसलंही कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं. तुम्ही गंमत म्हणून पाठवता, आणि तेच वाचून एक अकरावीतलं पोर वाढदिवसाचे पैसे घालवतं.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. कारण पुढे जे झालं तेही सांगायला हवं.

तो उठून जायला लागला होता. मी म्हटलं, बस, आलंय तर वाया घालवायचं नाही. भिंग दिलं त्याच्या हातात. ते स्टीलचे दहा पैसे घे, साल वाच, सालाखाली काय दिसतं सांग. "पत्त्यातल्यासारखी छोटी चौकट आहे काकू." ती मुंबईच्या टाकसाळीची खूण. "इथे चांदणी आहे." हैदराबाद. "नुसता ठिपका." नोएडा. "इथे काहीच नाही." ते कोलकाता. मग पोर असं रमलं की चार ढीग केले, त्या ढिगांतही सालाप्रमाणे रांगा लावल्या. स्टीलचे दहा पैसे हो, ज्यांना भंगारवालाही विचारणार नाही! जाहिरात देणाऱ्याला याचं श्रेय देणार नाही मी. ते सगळं त्या पोराच्या डोळ्यांचं.

मधेच त्याने विचारलं, "काकू, तुमच्या त्या पहिल्या किलोत काय निघालं होतं?"

पुरचुंडीची गोष्ट मी त्याला सांगितली. पूर्ण. आईचं चिंच लावणंही. तो ऐकत होता, आणि मग म्हणाला, "आमच्या आजीकडे पण आहे एक डबा. देवघरात, वरच्या फळीवर. आम्हाला हात लावू देत नाही."

चहा राहिलाच होता. तो तसाच ठेवून आम्ही दोघं खाली गेलो. आजी टीव्ही बघत होत्या. म्हटलं, आजी, तुमच्या डब्यात काय आहे? त्यांनी आधी नातवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्या सासूबाईंचं आहे ते," म्हणाल्या. "मी कधी उघडून मोजलं नाही. उद्या सकाळी स्वच्छ धुऊन ठेवते, मग बघा."

मी जवळजवळ ओरडलेच. धुऊ नका आजी. चिंच नको, राख नको, पाणीसुद्धा नको. आत गाठ मारलेलं काही असेल तर तेही सोडू नका.

उद्या पाच वाजता बसतोय. तो वही आणणार आहे. गाठ असली तर आजीच सोडतील, आणि सोडायच्या आधी आम्ही फोटो काढू.