दबक्या आवाजातले आवळे

तीस रुपये पाव. ते तीस रुपये अजून माझ्या घशात अडकलेत, आणि तिथे आधीच जागा नव्हती.

घसा सोमवारी बसला. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. व्हायरल आहे म्हणाले, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, गरम काहीतरी पीत राहा, बोलू नका, आणि कुजबुजू तर मुळीच नका, त्याने ताण वाढतो. आईला फोन लावला तर, "हॅलो? हॅलो? अरे, रेंज नाही वाटतं तुझ्याकडे!" रेंज होती. आवाज नव्हता. शेवटी बायकोने फोन घेऊन कृती लिहून घेतली: आवळे उकडायचे, गर कुस्करायचा, गूळ, सुंठ, चिमूटभर सैंधव, वर गरम पाणी. मध चालणार नाही, कारण आईच्या मते गरमात मध म्हणजे विष. २०१८ साली ब्रिटनमध्ये साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा अशी अधिकृत सूचना निघाली, पण तेव्हा त्यांनी आईला विचारलं नव्हतं.

तर मी मंडईत गेलो. महात्मा फुले मंडईची ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ सालची. तिथे सव्वाशे-दीडशे वर्षं माणसं फक्त ओरडत आली आहेत. अशा जागी एका मावशींपुढे उभा राहून मी नुसती हवा सोडली, "आवळे कसे?"

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. पदर तोंडाशी धरला, पुढे झुकल्या आणि माझ्याहून हळू आवाजात म्हणाल्या, "किती पायजेत?"

"पाव."

"कशाला?"

"घसा."

"बसा? हितं कुठं बसता? गिऱ्हाईक तुडवंल."

मी गळ्यावर बोट ठेवलं. कुणाचा तरी गळा कापायचा असावा अशा गांभीर्याने त्यांनी मान हलवली आणि टोपलीतले वरचे आवळे सोडून तळातून निवडायला सुरुवात केली. "तीस," त्या कुजबुजल्या.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यावरून आरोळी आली, "आवळा घ्या, वीस रुपये पाव!" मी तिकडे बोट दाखवलं.

"शूऽऽ. ते वायले. ह्ये वायले."

"वेगळे म्हणजे?"

"कुनाला सांगू नगा."

मला भांडायचं होतं. शपथेवर सांगतो, तोंडात शब्द तयार होते, पण बाहेर आला तो रबर गेलेल्या कुकरचा आवाज. आणि मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, वय सत्तरीचं. ते माझ्या कानात म्हणाले, "काय मिळतंय?" त्यांच्या मागे आणखी एक बाई टाचा उंचावून बघत होत्या. दोन मिनिटांत आम्ही पाच जण रांगेत, सगळे कुजबुजत. आजोबांनी अर्धा किलो घेतले. साठ रुपये मोजले, पिशवीचं तोंड घट्ट आवळलं आणि शेजारच्या गाळ्याकडे असं पाहिलं की बिचारे फसलेत. मागच्या बाईंनी तर मावशींना "आमचं लक्ष ठेवा हं" असंही सांगितलं.

घसा बसलेल्याशी जग असंच वागतं. सोसायटीचा वॉचमनही परवा माझ्याशी कुजबुजत होता. बहिऱ्याशी लोक ओरडून बोलतात, ते निदान समजू शकतो. मला ऐकू येतं हो!

घरी येऊन आवळे उकडायला टाकले. आमच्याकडे गेल्या दिवाळीपासून सगळं लोखंडी कढईत होतं, अंगाला लोह मिळतं म्हणून. मी तीच घेतली. गूळ, सुंठ घालून मंद आचेवर ठेवलं आणि गजर लावून जरा पडलो. उठून पाहतो तर कढईत शाई. हिरवट नाही, करडी नाही, चक्क दौतीतली काळी शाई. आवळ्याच्या तुरटपणाची लोखंडाशी गाठ पडली की असंच होतं म्हणे. हे आई फोनवर बोलली नव्हती. म्हणजे, "स्टीलचं पातेलं घे" एवढं बोलली होती. बायकोने लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं.

गॅलरीत कढई निववत ठेवली तर शेजारच्या काकूंनी कठड्यावरून डोकावून पाहिलं. "अय्या, घरी करता? मी बाजारातून आणते, त्यात काय काय घालतात देव जाणे." मी हातानेच 'हे प्यायचं आहे' अशी खूण केली. त्यांनी ती 'घेऊन जा' अशी वाचली. गूळ घातलाय हे सांगायला तोंड उघडलं, तोवर कढई कठड्यापलीकडे गेलेली होती.

आज सकाळी काकू जिन्यात भेटल्या. केस काळेभोर, थोडे चिकट. "फार छान बसला हो रंग," त्या कुजबुजल्या.

कढई अजून परत आलेली नाही.