गाडी गॅरेजला टाकली आहे

"मी गॅरेजमध्ये आहे, नंतर बोलतो," असं फोनवर म्हटलं की आईचा प्रश्न ठरलेला असतो, "आता काय बिघडलं?" मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन मला बारा वर्षं झाली, पण गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडी ठेवायची खोली, हे तिच्या पचनी पडलेलं नाही. खरं तर तिचंच बरोबर आहे. मराठीत गाडी गॅरेजला 'टाकतात'. तिथे एक मिस्त्री असतो, हाताखाली एक-दोन पोरं असतात आणि आपण संध्याकाळी जाऊन "झाली का?" एवढंच विचारायचं असतं. माझ्या गॅरेजमध्ये मिस्त्री नाही. मीच आहे, आणि "झालं का?" विचारायला बायको दारातून डोकावते.

यंदा नोव्हेंबरात खरंच बिघडलं होतं. स्नोब्लोअर, म्हणजे घरासमोर साचलेला बर्फ ओढून बाजूला फेकणारं पेट्रोलवरचं मशिन, सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. चोक दिला की दोन सेकंद फुरफुरायचं, चोक काढला की गप्प. प्लग काढून पाहिला तर ठिणगी झकास. म्हणजे दुखणं कार्ब्युरेटरमध्ये, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात. खालची वाटी खोलली तर तळाशी पांढरट गाळ आणि पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीवर, काकवीसारखा चिकट थर. जेटचं भोक एका मिलिमीटरपेक्षाही बारीक. वायरमधला तांब्याचा एक धागा काढून ते मोकळं करायला तासभर गेला. (जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं, असं जाणकार सांगतात. म्हणूनच तांब्याचा धागा. तो पितळेपेक्षा मऊ. तरीही कार्ब क्लीनरचा फवारा मारून भागत असेल तर तेवढ्यावरच भागवावं.)

चूक मशिनची नव्हती. मार्चमध्ये शेवटचा बर्फ काढला आणि टाकीत होतं ते पेट्रोल तसंच सोडून दिलं. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते दोघं मिळून पेट्रोलला सोडचिठ्ठी देतात आणि तळाशी जाऊन बसतात. जेट नेमका तिथेच असतो. वरचं पेट्रोल महिनोन् महिने उडत राहतं आणि मागे राहते ती काकवी.

हे सगळं मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं आणि फसलो. तिथे ई-ट्वेन्टीचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, रण पेटलं होतंच. महाराष्ट्रात हा वाद पेट्रोलचा कमी आणि ज्यापासून इथेनॉल बनतं त्या उसाचा जास्त असतो, त्यामुळे दोन्ही बाजू इंजिनाविषयी बोलताहेत असं फक्त वाटतं. एका काकांनी माझ्या वाटीचा फोटो "बघा, अमेरिकेतसुद्धा" म्हणून चार ग्रुपवर फिरवला. दुसऱ्यांनी मला शेतकरीविरोधी ठरवलं. वास्तविक माझा फोटो कुणाच्याच कामाचा नव्हता. रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल आठ महिने पडून राहत नाही, त्यामुळे माझ्या मशिनला झालं ते तिला होईलच असं नाही. तिचा प्रश्न वेगळा: जुन्या गाडीतले रबरी पाइप, सील, पॅकिंग वीस टक्के इथेनॉल सोसतील का, आणि मायलेज किती पडेल. पडणार हे नक्की, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने खुलासा केला की काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात; ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज बदलता येतात. हे वाचून मी थबकलो. सहज बदलता येतात, पण बदलणार कोण? पंधरा वर्षांची मोटारसायकल घेऊन कोणी कंपनीच्या वातानुकूलित सेंटरला जात नाही. ती रस्त्याकडेच्या गॅरेजलाच पडते. म्हणजे एवढं मोठं राष्ट्रीय धोरण शेवटी तेलकट हातांच्या एका माणसावर टेकवून ठेवलंय, आणि कुठला पाइप फुगतो, कधी फुगतो, हे त्याला कोणी विचारलेलं नाही. चॅनेलवरच्या चर्चेत मंत्री होते, कारखानदार होते, गाड्यांचे समीक्षक होते. मिस्त्री एकाही चौकटीत दिसला नाही.

इथल्या पंपाविषयी एक मात्र सांगतो. पंधरा टक्के इथेनॉलच्या नळीवर लेबल असतं: २००१ आणि नंतरच्या मोटारींसाठीच, मोटारसायकल, बोट, गवत कापायच्या मशिनसाठी नाही. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. पर्याय देणं परवडत नसेल, समजू शकतो. पण एक लेबल लावायला कितीसा खर्च येतो?

याच ग्रुपवर वर्षातून दोनदा येणारा दुसरा संदेश म्हणजे "अमेरिकेत मोठमोठे डॉक्टरही स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करतात, आपल्याला मात्र श्रमाची लाज." खाली माझं नाव घेऊन कौतुक. मला हे कौतुक टोचतं. मी ब्रेक पॅड स्वतः बदलतो, कारण इथे माणसाच्या तासाला जो दर पडतो त्यात पार्टची किंमत किरकोळ वाटते. दुसरं म्हणजे माझ्याकडे दार लावून घेता येईल अशी जागा आहे, जिथे खोललेला कार्ब्युरेटर आठवडाभर वर्तमानपत्रावर पडून राहिला तरी कोणी ओरडत नाही. (ओरडतं. पण कमी.) दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे वाटी खोलणार कुठे? आणि ज्याला आपण तिथे "अरे, झाली का गाडी?" म्हणून अरे-तुरे करतो, तो हेच काम आयुष्यभर करतो, त्याच्यावर असे संदेश कोणी लिहीत नाही. मी शनिवारी केलं तर श्रमप्रतिष्ठा, त्याने सोमवार ते रविवार केलं तर शिक्षण कमी पडलं म्हणून.

'दुरुस्तीचा हक्क', म्हणजे घेतलेली वस्तू कंपनीबाहेरही दुरुस्त करता यावी, या चर्चेतही मला हाच खडा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली, डिसेंबरात दुरुस्तीची माहिती देणारं पोर्टल सुरू झालं. चांगलंच आहे. पण पोर्टल ग्राहकाशी बोलतं. ग्राहक म्हणजे मी, तुम्ही. आपण मॅन्युअल उघडणार, दोन पानं चाळणार आणि गाडी गॅरेजलाच टाकणार. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीचा कायदा आला, त्यामागे जोर होता तो स्वतंत्र गॅरेजवाल्यांचा आणि पार्ट विकणाऱ्यांचा. कंपनीच्या डीलरला जी माहिती मिळते ती आम्हाला द्या, आम्ही फुकट मागत नाही, वाजवी दाम घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये गाडी बिनतारी पाठवते त्या माहितीसाठी पुन्हा मतदान झालं आणि चारपैकी तीन मतं बाजूने पडली. कंपन्यांनी लगेच कोर्ट गाठलं आणि प्रकरण काही वर्षं रेंगाळलं. तेव्हा इथे सगळं सुरळीत आहे असंही समजू नका.

गंमत अशी की ही लढाई आपल्याकडेही झाली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: बाहेरच्या मेकॅनिकांना सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. आज दुरुस्तीच्या हक्कावर लिहिणारे फ्रान्सचं उदाहरण देतात, युरोपचं देतात. या निकालाची आठवण मी क्वचितच वाचली आहे.

आमचे गावाकडचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला ते कान लावतात. २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या मोटारसायकली आल्या की म्हणतात, "हिचं काय ते कंपनीतच बघा." ती असमर्थता हाताची नाही. गाडी जे बोलते ते ऐकायचं यंत्र आणि त्यातले कोड त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत, एवढंच. माझ्या ड्रॉवरमध्ये तळहाताएवढा स्कॅनर पडलेला आहे; मी तो वर्षातून दोनदा वापरतो.

तिसरा वाद वयाचा. जुलै २०२५ च्या पहिल्या तारखेला दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरावरच्या पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. मॅसॅच्युसेट्समध्ये उलट तऱ्हा: पंधरा वर्षांपुढच्या मोटारींना धुराच्या तपासणीतूनच सूट, मात्र ब्रेक, दिवे, गंजलेला सांगाडा हे दरवर्षी दाखवावंच लागतं. मला दोन्ही पटत नाहीत. दिल्लीची हवा ज्याने नाकाने घेतली आहे तो जुन्या गाड्यांचे गोडवे गाणार नाही. पण नीट राखलेली सोळा वर्षांची आणि हेळसांड झालेली सात वर्षांची गाडी शेजारी उभी करा, कुठली काढून टाकायची हे कुठलाही मिस्त्री बॉनेट न उघडता सांगेल. आर. सी. बुकावरची तारीख वाचायला मिस्त्री लागत नाही, म्हणून ती सोयीची.

जेट साफ झाल्यावर माझं मशिन सुरू झालं, पण आवाज स्थिर राहीना; चढायचा, पडायचा, चढायचा. दोन दिवस मी फ्लोट, सुई, जेट, पुन्हा फ्लोट करत बसलो. शेवटी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून भाच्याला पाठवला आणि त्याने तो मिस्त्रींना ऐकवला. त्यांनी फोन हातात घेतला.

"दादा, हवा खातंय ते. कार्ब्युरेटरच्या मागचं पॅकिंग बदला."

बदललं. घड्याळासारखं चालायला लागलं. सांगायला फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, हे मशिन करतं तरी काय? मी म्हटलं, बर्फ फेकतं.

"म्हणजे आठ महिने पडूनच ना? मग ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून चालवत ठेवायचं, आपोआप बंद पडेपर्यंत. तुम्ही शिकायला गेलात तेव्हा स्कूटरचं सांगितलं होतं की मी तुम्हाला."

सांगितलं होतं खरं.